व्हेरिकोज व्हेन्सवरील बिनचिरफाड उपचार: पुण्यातील नवख्या रुग्णासाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

पायावर फुगलेल्या, निळसर, वळणावळणाच्या शिरा, म्हणजेच व्हेरिकोज व्हेन्स, घेऊन पुण्यात पहिल्यांदाच डॉक्टर शोधू लागलेल्या माणसासमोर रोगाच्या माहितीआधी यंत्रांची नावे येतात. लेसर, रेडिओफ्रिक्वेन्सी, ग्लू, फोम अशा जाहिराती पाहून तो ‘यांतले चांगले कोणते?’ असे विचारू लागतो. या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर त्याच्या पायातील कोणती शीर, कोठून कोठपर्यंत बिघडली आहे हे कळल्याशिवाय कोणालाच देता येत नाही. म्हणून या लेखात तपासणीला उपचाराइतकीच जागा दिली आहे, आणि वाचकाने सर्व पायऱ्या याच क्रमाने चढाव्यात अशी माझी विनंती आहे.

पायरी १: बिघाड कोठे असतो, हे समजून घ्या

पायातील रक्ताला हृदयाकडे परतताना वर चढावे लागते. चालताना पोटरीचे स्नायू आवळले जातात, त्यांच्या दाबाने आतल्या शिरांतील रक्त वर ढकलले जाते आणि शिरांमधील नाजूक झडपा ते पुन्हा खाली उतरू देत नाहीत. स्नायूंच्या आत खोलवर असलेल्या शिरा पायातील बहुतेक रक्त वाहून नेतात. त्वचेखालच्या चरबीतून जाणाऱ्या वरवरच्या शिरांकडे त्या मानाने थोडेच रक्त असते आणि तेही त्या शेवटी खोल शिरांतच सोडतात. या वरवरच्या शिरांत दोन मुख्य आहेत: घोट्याच्या आतल्या बाजूने निघून मांडीच्या आतून जांघेपर्यंत जाणारी मोठी सॅफेनस शीर, आणि पोटरीच्या मागून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत जाणारी छोटी सॅफेनस शीर.

या मुख्य शिरांच्या झडपा सैल पडल्या की उभे राहताच रक्त उलटे खाली येते, खालच्या फांद्यांवर सतत दाब पडतो आणि त्या फुगून त्वचेवर दिसू लागतात. आनुवंशिकता, वाढते वय, गरोदरपण, लठ्ठपणा आणि तासन्‌तास एका जागी उभे राहण्याचे काम ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत. लक्ष्मी रस्त्यावरच्या कापडदुकानातील विक्रेते, चौकात उभे राहणारे वाहतूक पोलीस, शिक्षक, मार्केट यार्डातील हमाल आणि उपाहारगृहांतील आचारी यांच्यात ही तक्रार सहज आढळते. तथापि बसून काम करणारे तिच्यापासून सुटलेले नाहीत, कारण खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून दिवस काढला तरी पोटरीचे स्नायू निष्क्रियच राहतात.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पोटरीवर दिसणारा शिरांचा गुंता हा बहुतेक वेळा परिणाम असतो आणि गळती वर मांडीत किंवा जांघेजवळ असते. वरच्या मजल्यावरचा पाइप गळत असताना खालच्या घराचे छत पुन्हा पुन्हा रंगवून उपयोग नसतो, त्याप्रमाणे मूळ शीर तशीच ठेवून केवळ दिसणाऱ्या फांद्यांवर उपचार केले, तर काही महिन्यांत किंवा वर्षांत शेजारच्या फांद्या फुगण्याचा संभव राहतो.

शीर बंद केली तर रक्त जाणार कोठून, असे जवळजवळ प्रत्येक रुग्ण विचारतो. झडपा निकामी झालेली शीर उभ्या अवस्थेत रक्त वर नेण्याऐवजी खाली सोडत असते, त्यामुळे ती बंद झाल्यावर रक्त चांगल्या शिरांतून खोल शिरांकडे जाते आणि पायाचा भार कमीच होतो. मात्र त्यासाठी खोल शिरा मोकळ्या असाव्या लागतात, आणि तपासणीत ते पाहिले जाते. पुढे कधी हृदयाची बायपास शस्त्रक्रिया करावी लागली तर हीच शीर लागेल ना, अशीही शंका असते. सरळ, निरोगी सॅफेनस शीर त्या कामी वापरतात हे खरे आहे, पण फार फुगलेली आणि वेडीवाकडी झालेली शीर सहसा उपयोगी पडत नाही. तरीही हृदयविकार असणाऱ्या रुग्णाने ही चर्चा डॉक्टरांशी आधी अवश्य करावी.

पायरी २: पाय नीट पाहा आणि धोक्याची लक्षणे ओळखा

संध्याकाळी, दिवसभराच्या कामानंतर, उजेडात उभे राहून दोन्ही पाय पुढून आणि मागून पाहावेत. मागची बाजू घरातल्या कोणाला तरी दाखवावी किंवा तिचे छायाचित्र काढावे. डॉक्टर या रोगाची अवस्था ‘सी’ या अक्षरापुढे आकडा लावून लिहितात आणि अहवालात ती नोंद वाचता आली तर बरेच काही समजते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल-निळ्या रेषा म्हणजे सी-१. उभे असताना ३ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद झालेल्या शिरा म्हणजे सी-२. सूज आली की सी-३, त्वचा काळवंडली, खाज सुटून इसब झाले किंवा कातडी कडक पडली की सी-४. जखम होऊन भरली असेल तर सी-५ आणि ती उघडी असेल तर सी-६.

शिरा किती ठळक दिसतात यावरून रोगाची तीव्रता ठरत नाही. जाड माणसाच्या पायावर एकही शीर दिसत नसताना घोट्याच्या आतल्या बाजूची त्वचा तपकिरी होत गेलेली असू शकते, आणि माझ्या मते घरच्यांनी सर्वांत जास्त लक्ष या काळवंडण्याकडे द्यायला हवे, कारण जखम बहुधा तेथेच होते. पाय जड वाटणे, संध्याकाळी ठणकणे, रात्री पोटरीत गोळे येणे ही लक्षणे या रोगात असतातच, पण मणक्याच्या, गुडघ्याच्या किंवा धमनीच्या आजारांतही असू शकतात, हे विसरू नये.

काही लक्षणे दिसल्यास वाट पाहू नये. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला आणि गरम लागला, तर खोल शिरेत गुठळी झाल्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे लागते. त्यासोबत दम लागला, छातीत दुखले किंवा खोकल्यातून रक्त आले, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागल्यास रुग्णाला ताबडतोब आडवे करावे, पाय छातीच्या पातळीपेक्षा उंच धरावा आणि स्वच्छ कापडाची घडी रक्त येणाऱ्या जागेवर घट्ट दाबून ठेवावी. घाबरून वर मांडीला दोरी किंवा पट्टा आवळू नये. आडवे होऊन थेट दाब दिला की असे रक्त बहुतेक वेळा थांबते. उभ्याने किंवा खुर्चीत बसवून ठेवल्यास मात्र ते वाहतच राहते.

पायरी ३: योग्य डॉक्टरांपर्यंत पोहोचा

सुरुवात कुटुंबाच्या नेहमीच्या डॉक्टरांपासून करणे चांगले, कारण मधुमेह, रक्तदाब, चालू औषधे आणि जुनी दुखणी त्यांना ठाऊक असतात. पुढे व्हॅस्क्युलर सर्जन (रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक) किंवा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (सोनोग्राफीसारख्या चित्रणाच्या मदतीने सुई-नळीने उपचार करणारे डॉक्टर) हे या कामातील तज्ज्ञ आहेत. अनेक जनरल सर्जनही प्रशिक्षण घेऊन हे उपचार करतात. पदवीच्या नावापेक्षा हे डॉक्टर डॉपलर (शिरांतील रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) स्वतः पाहतात का आणि एकाहून अधिक पद्धती वापरतात का, या दोन गोष्टींना मी अधिक महत्त्व देईन. ज्यांच्याकडे एकच यंत्र आहे, त्यांचा सल्ला त्या यंत्राकडे झुकणे स्वाभाविक आहे.

ज्यांना खाजगी खर्च परवडणार नाही त्यांनी पुणे स्टेशनजवळच्या ससून रुग्णालयात किंवा पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या वायसीएम रुग्णालयात केसपेपर काढून सर्जरीच्या ओपीडीत दाखवावे. शहरातील अनेक मोठी खाजगी रुग्णालये धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेली आहेत. कायद्याने त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. तेथील समाजसेवा अधीक्षकांना भेटून उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवावे लागते, आणि हे उपचाराची तारीख ठरण्यापूर्वी करावे.

पायरी ४: उभे राहून डॉपलर करून घ्या

कलर डॉपलर ही सोनोग्राफीचीच तपासणी आहे. तिच्यात सुई नाही, किरणोत्सार नाही आणि उपाशी राहण्याची गरज सहसा नसते. पायावर जेल लावून प्रोब फिरवला जातो आणि पडद्यावर शिरेची रुंदी, आतली गुठळी आणि रक्ताची दिशा दिसते. संपूर्ण उपचार या एका तपासणीवर उभा राहतो, म्हणून ती घाईत उरकू देऊ नये.

उलटा प्रवाह पाहायचा असेल तर रुग्णाने उभे राहिले पाहिजे, कारण झडपांवरचा भार उभे असतानाच पूर्ण पडतो. तपासणारा डॉक्टर पोटरी दाबून सोडतो आणि सोडल्यावर रक्त किती वेळ उलटे वाहते ते मोजतो. वरवरच्या शिरेत हा काळ अर्ध्या सेकंदाहून अधिक असेल तर झडप निकामी मानली जाते. मांडीतील आणि गुडघ्यामागच्या खोल शिरांसाठी ही मर्यादा १ सेकंदाची आहे. केवळ झोपवून पाच मिनिटांत ‘गुठळी नाही’ असे लिहून दिलेला अहवाल गुठळी वगळण्यापुरता उपयोगी असतो, पण त्यावरून शीर बंद करण्याचा निर्णय घेता येत नाही. वेळ ठरवतानाच सेंटरला ‘व्हेरिकोजसाठी उभ्याने रिफ्लक्स (उलटा प्रवाह) पाहायचा आहे’ असे स्पष्ट सांगावे.

चांगल्या अहवालात खोल शिरा मोकळ्या आहेत की नाहीत, जांघेतील आणि गुडघ्यामागील जोडावर उलटा प्रवाह आहे का, मोठ्या आणि छोट्या सॅफेनस शिरेची रुंदी ठिकठिकाणी किती मिलिमीटर आहे, गळती कोठून सुरू होऊन कोठे संपते आणि खोल व वरवरच्या शिरांना जोडणाऱ्या परफोरेटर शिरांपैकी कोणत्या निकामी आहेत, याची नोंद असते. काही डॉक्टर पायाची रेखाकृती काढून त्यावर हे सर्व दाखवतात, आणि अशी आकृती मिळाली तर ती जपून ठेवावी. संपूर्ण पाय मांडीपर्यंत सुजत असेल, पूर्वी गुठळी झाली असेल किंवा ओटीपोटाच्या त्वचेवर शिरा दिसत असतील, तर पोटातील शिरांचीही तपासणी सांगितली जाऊ शकते.

मधुमेही, धूम्रपान करणाऱ्या आणि वयस्क रुग्णांच्या बाबतीत पावलावरची नाडी तपासणे तितकेच गरजेचे आहे. घोट्याजवळच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर काढून धमनीतील रक्तपुरवठा पुरेसा आहे ना हे पाहतात. तो फार कमी असताना घट्ट स्टॉकिंग किंवा बँडेज बांधले तर पायाला इजा होऊ शकते.

पायरी ५: उपचार आत्ता हवा की नाही, हे ठरवा

केवळ बारीक रेषा असतील आणि काही त्रास नसेल, तर थांबायला हरकत नाही. पाय दुखत असेल, सूज येत असेल, त्वचा बदलू लागली असेल, शिरेतून रक्त आले असेल किंवा शीर दोरीसारखी कडक होऊन दुखू लागली असेल, तर तज्ज्ञांकडे जावे. उघडी जखम असेल तर विलंब करू नये. ‘आधी ड्रेसिंग करून जखम भरू द्या, मग शिरेचे पाहू’ हा सल्ला अजूनही ऐकायला मिळतो. इंग्लंडमधील ४५० रुग्णांच्या एका अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, पट्टीबंधनासोबत शिरेवरचा उपचार लवकर केलेल्या गटात जखम भरण्याचा मध्यक काळ (म्हणजे निम्म्या रुग्णांची जखम भरेपर्यंतचा काळ) ५६ दिवस होता आणि उपचार लांबवलेल्या गटात ८२ दिवस. जखमेमुळे महिनोन्‌महिने घरी बसलेल्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे.

गरोदरपणात हे उपचार अगदी अपवाद वगळता करत नाहीत. बाळंतपणानंतर काही महिन्यांत अनेक शिरा आपोआप उतरतात, म्हणून तोपर्यंत स्टॉकिंग, चालणे आणि पाय उंच ठेवणे यांवर भागवावे.

चालण्याचा व्यायाम, उभ्याने टाचा वर-खाली करणे, वजन कमी करणे, पलंगाच्या पायथ्याकडील दोन पायांखाली विटा ठेवून झोपणे आणि विपरीत करणीसारखी आसने यांनी त्रास निश्चित हलका होतो, आणि ज्यांना उपचार करायचा नाही किंवा करता येत नाही त्यांनी ते मनापासून करावे. डायोस्मिन असलेल्या गोळ्यांनीही जडपणा आणि सूज काहींना कमी वाटते. मात्र यांपैकी कशानेही निकामी झालेली झडप पुन्हा जुळत नाही. फुगलेल्या किंवा दुखऱ्या शिरेवर जोरात मालीश करू नये आणि उघड्या जखमेवर घरगुती लेप लावू नये.

पायरी ६: पद्धती समजून घ्या

पूर्वी जांघेत छेद देऊन मोठी शीर बांधत आणि तार घालून ती ओढून काढत. त्यासाठी मणक्यात किंवा संपूर्ण भूल लागे आणि काळेनिळेपणा, वेदना व सुट्टी या तिन्ही गोष्टी अधिक असत. अमेरिकेत रेडिओफ्रिक्वेन्सीला १९९९ मध्ये आणि लेसरला २००२ मध्ये मान्यता मिळाली, त्यानंतर चित्र बदलले. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात मुख्य शिरेच्या गळतीसाठी आधी उष्णतेचा उपचार (लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी), तो शक्य नसेल तर फोम (फेसाळ औषधाचे इंजेक्शन) आणि तोही शक्य नसेल तर शस्त्रक्रिया, असा क्रम सांगितला आहे.

उष्णतेच्या दोन्ही पद्धतींची कृती सारखीच आहे. गुडघ्याजवळ किंवा त्याखाली सुईने शिरेत शिरून सोनोग्राफीच्या मदतीने लेसरचा बारीक तंतू किंवा कॅथेटर (बारीक नळी) वर नेतात आणि त्याचे टोक जांघेतील जोडापासून सुमारे २ सेंटिमीटर मागे ठेवतात, म्हणजे उष्णता खोल शिरेपर्यंत पोहोचत नाही. नंतर शिरेभोवती सर्व लांबीभर पातळ केलेल्या भुलीचे सलाईन भरतात. याला ट्युमेसंट भूल म्हणतात आणि तिच्यामुळे वेदना थांबते, शीर कॅथेटरवर आवळली जाते आणि आजूबाजूच्या त्वचेला व नसांना (संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूंना) चटका बसत नाही. रुग्णाला सर्वांत जास्त जाणवतात त्या याच टप्प्यातील सुया. उष्णता देताना सहसा दुखत नाही, आणि दुखल्यास लगेच सांगावे, म्हणजे तेथे आणखी भूल देता येते.

लेसरमध्ये तंतूच्या टोकातून प्रकाशऊर्जा बाहेर पडते. जुन्या यंत्रांच्या लहरी ८१० किंवा ९८० नॅनोमीटरच्या होत्या. आता १४७० नॅनोमीटरचा लेसर आणि चहूबाजूंना प्रकाश टाकणारा रेडियल तंतू प्रचलित आहे, आणि त्याने काळेनिळेपणा व दुखणे कमी झाले आहे. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या प्रचलित कॅथेटरचा ७ सेंटिमीटरचा भाग १२० अंश सेल्सियसपर्यंत तापतो आणि एका तुकड्याला २० सेकंद लागतात. तुकड्यातुकड्याने तो खाली ओढत आणतात. दोन्ही पद्धतींत शीर बंद होण्याचे प्रमाण १० पैकी ९ रुग्णांहून अधिक आहे, त्यामुळे नवा लेसर की रेडिओफ्रिक्वेन्सी यावर रात्र जागवण्याचे कारण नाही. करणाऱ्याचा हात आणि डॉपलरचा अचूकपणा यांचा परिणाम यंत्रापेक्षा मोठा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. गुडघ्याखाली मोठ्या सॅफेनस शिरेला आणि पोटरीमागे छोट्या सॅफेनस शिरेला संवेदनेची नस चिकटून जाते, म्हणून तेथे उष्णता दिल्यावर काहींना बधिरपणा येतो. तो बहुधा हळूहळू ओसरतो.

फोममध्ये पॉलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे औषध हवेबरोबर घुसळून त्याचा फेस करतात. सहसा एक भाग औषध आणि चार भाग हवा. हा फेस शिरेतले रक्त बाजूला सारून आतले अस्तर नष्ट करतो आणि शीर आक्रसते. वेड्यावाकड्या शिरांसाठी, जेथे कॅथेटर जाऊ शकत नाही तेथे, पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या पायासाठी आणि जखमेभोवतीच्या शिरांसाठी फोम फार उपयोगी आहे व खर्चही कमी आहे. मात्र मोठ्या, रुंद शिरेत तो एकट्याने दिला तर शीर पुन्हा उघडण्याचे प्रमाण उष्णतेच्या उपचारापेक्षा अधिक असते आणि पुन्हा इंजेक्शने घ्यावी लागतात. त्वचेवर तपकिरी डाग काही महिने राहू शकतो. अर्धशिशी असणाऱ्यांना थोडा वेळ डोळ्यांपुढे चमकल्यासारखे होऊ शकते. हृदयाच्या पडद्यात छिद्र असल्याचे माहीत असेल तर ते आधी सांगावे.

ग्लू म्हणजे सायनोअॅक्रिलेट जातीचा चिकट द्रव. अमेरिकेत अशा उपचाराला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. यात शिरेभर भूल भरावी लागत नाही, उष्णता नसल्याने नसेला चटका बसत नाही आणि बहुतेकांना नंतर स्टॉकिंगही लागत नाही. बदल्यात तो द्रव शरीरात कायमचा राहतो, काही रुग्णांच्या शिरेवरची त्वचा लाल होऊन खाजते आणि खर्च अधिक येतो. चिकटपट्टी किंवा कृत्रिम नखांच्या गोंदाची अॅलर्जी असणाऱ्यांनी हे डॉक्टरांपासून लपवू नये.

मुख्य शीर बंद केल्यावर पोटरीवरचे मोठे गुंते काही वेळा आपोआप बसतात आणि काही वेळा बसत नाहीत. त्यांच्यासाठी २-३ मिलिमीटरच्या छिद्रांतून बारीक हूकने शिरेचे तुकडे काढतात. याला फ्लेबेक्टोमी म्हणतात आणि टाके सहसा लागत नाहीत. हे त्याच दिवशी करायचे की काही आठवडे थांबून, यावर डॉक्टरांची मते वेगळी असतात आणि दोन्ही मार्ग योग्य आहेत.

पायरी ७: खर्च आणि विमा आधी लेखी स्पष्ट करा

अंदाजपत्रकाचा आकडा एका पायाचा आहे की दोन्ही, त्यात फ्लेबेक्टोमी आणि नंतरची फोमची इंजेक्शने धरली आहेत का, उपचारानंतरची डॉपलर आणि स्टॉकिंग यांचे पैसे वेगळे आहेत का, हे लेखी घ्यावे. एकदाच वापरायच्या कॅथेटरबद्दल किंवा तंतूबद्दल विचारण्यात संकोच करू नये. ‘पाकीट माझ्यासमोर उघडाल का आणि त्यावरचे स्टिकर फाइलला लावाल का?’ असे नम्रपणे विचारता येते, आणि चांगल्या रुग्णालयात या प्रश्नाचे वाईट वाटून घेतले जात नाही.

हे उपचार डे-केअर प्रकारात मोडतात, म्हणजे २४ तास दाखल न होताही विमा लागू होऊ शकतो. तथापि अनेक पॉलिसींमध्ये व्हेरिकोज व्हेन्ससाठी २४ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असतो आणि केवळ सौंदर्यासाठी केलेल्या उपचाराचा खर्च मिळत नाही. त्यामुळे दुखणे, सूज, त्वचेतील बदल आणि अवस्थेचा आकडा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नोंदलेला असावा, डॉपलरचा अहवाल जोडावा आणि कॅशलेससाठी पूर्वमंजुरी घ्यावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्रांचे, म्हणजे योजनेच्या मदतनिसांचे, टेबल असते. आपल्याला सांगितलेली नेमकी प्रक्रिया योजनेच्या यादीत आहे का, हे त्यांना चिठ्ठी दाखवून विचारावे.

पायरी ८: उपचाराच्या दिवसाची तयारी करा

रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेहाचे औषध, गर्भनिरोधक किंवा हार्मोनची गोळी चालू असेल तर सांगावे, आणि कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये. स्टॉकिंग आधीच घ्यावे आणि त्यासाठी पायाचे माप सकाळी, सूज चढण्यापूर्वी द्यावे. त्यांचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. क्लास एक म्हणजे साधारण १८ ते २१ आणि क्लास दोन म्हणजे २३ ते ३२. पुण्यात मार्च ते मे या काळात स्टॉकिंग घालून वावरणे जिकिरीचे होते, म्हणून ज्यांचा उपचार तातडीचा नाही त्यांनी दिवाळीनंतरचे थंड दिवस निवडले तर सोयीचे पडते. जखम असणाऱ्यांनी मात्र ऋतू पाहू नये.

त्या दिवशी सैल पायजमा, सलवार किंवा साडी नेसून जावे. पायाला तेल किंवा मलम लावू नये. उपचारापूर्वी डॉक्टर रुग्णाला उभे करून पेनाने शिरा रेखतात. त्या वेळी आपल्याला त्रास देणारी जागा बोटाने दाखवावी. एका पायाला साधारण तासभर लागतो. नंतर स्टॉकिंग किंवा बँडेज बांधून लगेच चालायला सांगतात. परतताना दुचाकी स्वतः चालवू नये आणि कोणाच्या मागेही बसू नये. भुलीमुळे पाय काही तास बधिर असू शकतो, म्हणून रिक्षा किंवा मोटारीने जावे आणि सोबत एक माणूस असावा.

पायरी ९: पहिले काही आठवडे सांभाळा

घरी येऊन अंथरुणावर पडून राहणे चुकीचे आहे. घरातल्या घरात दर तासाला थोडे चालावे आणि दुसऱ्या दिवसापासून सोसायटीच्या आवारात किंवा जवळच्या बागेत फिरावे. एका जागी उभे राहणे तेवढे टाळावे. पहिले एक-दोन दिवस स्टॉकिंग सलग ठेवतात आणि पुढे एक-दोन आठवडे सकाळी अंथरुणातून उतरण्यापूर्वी घालून रात्री काढतात. आपल्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर ते पाळावे. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मांडीच्या आत दोरी ताणल्यासारखे वाटते. बंद झालेली शीर आक्रसत असल्याचे ते लक्षण आहे आणि ते ओसरते. काळेनिळे डाग आणि लहान कडक गाठी यांचेही तसेच.

टेबलावरचे काम करणारे बहुतेक जण एक-दोन दिवसांत कामावर जातात. हमाली, जिममधील जड वजने आणि सिंहगडाची चढण यांसाठी मात्र डॉक्टरांनी तारीख दिल्याशिवाय घाई करू नये, आणि लांबचा विमानप्रवास ठरलेला असेल तर उपचाराच्या आधीच सांगावा. पाय एकाएकी सुजणे, पोटरी दुखून कडक होणे, ताप, जखमेतून पू किंवा दम लागणे यांपैकी काही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

बरेच डॉक्टर पहिल्या आठवड्यात पुन्हा डॉपलर करतात. शीर बंद झाली आहे का आणि बंद केलेल्या शिरेतील गुठळीचे टोक खोल शिरेत सरकलेले नाही ना, हे त्यात पाहतात, म्हणून बरे वाटत असले तरी ही तपासणी चुकवू नये. काही वर्षांनी नवीन शिरा दिसू शकतात, कारण झडपा कमकुवत असण्याचा कल शरीरात राहतोच. त्यांतल्या बऱ्याच फोमच्या एखाद-दुसऱ्या बैठकीत आटोपतात. तेव्हा उपचारापूर्वीचा डॉपलर, पायाची आकृती, शस्त्रक्रियेची नोंद, कॅथेटरचे स्टिकर आणि नंतरचा डॉपलर हे सर्व एकाच फाइलमध्ये ठेवावे आणि पुढच्या डॉक्टरांसमोर सर्वांत आधी तीच फाइल ठेवावी.